वाळूतली कयाक

"मगे खयची घेऊ, बाबानू?"

अमीनबाबांनी मान वर केली नाही. ते आपली कफनी शिवत होते.

खाडीकाठच्या पिराच्या चौथऱ्यावर हा फकीर कित्येक वर्षं राहत होता. गावात कुणाचं काही अडलं की पाय तिकडेच वळत. विघ्नेश तारी तर लहानपणापासून त्यांच्यापाशी बसत आलेला, त्यांचा शिष्यच म्हणायचा. फक्त शिष्याला अलीकडे बरंच कळू लागलं होतं.

"जुनी घेऊ, की पुढच्या वर्सा नवी?" त्याने विचारलं.

पावसाळा तोंडावर आला होता. पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्यांचा हंगाम संपला होता, आणि त्यातला एकजण आपली जुनी कयाक, वल्ह्याची छोटी होडी, विकत होता. विघ्नेशच्या साठवलेल्या पैशांत ती बसत होती. संध्याकाळपर्यंत होय म्हणायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती.

"गेल्या वर्सा पण एक होती मा?" बाबा म्हणाले.

"होती. मी घेवक नाय. पाठ टेकूक खुर्ची नव्हती तिका."

"हां..."

समोर ओहोटी लागली होती. याच काठाच्या पुढच्या खडकांपाशी चार बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कोयतीने कालवं काढत होत्या. त्यांतली हिरव्या लुगड्याची दर्शना, विघ्नेशची बायको. कालवांच्या धारेने तिची बोटं कापलेली असायची आणि पायांना पाण्याने भेगा पडलेल्या. रात्री ती खोबरेल लावत बसायची, पण कुरकुर म्हणून नाही. आताही कुणाच्या तरी बोलण्यावर ती हसत होती आणि ते हसू पाण्यावरून इथवर ऐकू येत होतं.

"ह्या सगळा तिच्यासाठीच, बाबानू," विघ्नेश म्हणाला. "काठावरून गरवून काय गावता? शेंगाळे, भाव नसलेले. भावाची तांबोशी बसता पलीकडच्या कांदळाच्या झाडीत, आणि थय होडीशिवाय जावक येणा नाय. कयाक झाली की दर्शनाक पाण्यात उतरूचा नाय."

तो हे अगदी मनापासून म्हणत होता. दोन वर्षं म्हणत होता.

"मग जुनीत काय कमी आसा?"

विघ्नेश या प्रश्नाची वाटच बघत होता. दोन वर्षं त्याने मोबाईलवर कयाक सोडून काही बघितलं नव्हतं. कुठली किती लांब, कुठली किती हलकी, कुठली लाटेत कशी वळते, सगळं तोंडपाठ. स्वतःची एकही नसताना कयाकच्या बाबतीत गावात त्याचाच शब्द शेवटचा होता.

तो बोलत राहिला. बाबांनी शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि त्याच्या हातात एक काटकी दिली.

"काढ."

"काय?"

"तुका व्हयी तशी. वाळूत काढ. माझे आजोबा होडयो बांधीत. मालकाक आधी वाळूत बसवीत, मगे लाकडाक हात लावीत."

विघ्नेश खाली उतरला. ओल्या वाळूत त्याने लांबलचक कयाक काढली. मध्ये खुर्ची. पुढे पायांनी मारायचं पेडल. दोन्ही बाजूंना गरीच्या काठ्या उभ्या करायच्या खाचा. समोर मासे दाखवणारं यंत्र, त्याच्या शेजारी मोबाईलची जागा, मागे यंत्राची मोठी बॅटरी. काही विसरलं तर नाही ना, म्हणून तो भोवती एक फेरी मारून आला. चित्र खरोखर देखणं झालं होतं.

"बस आत."

तो बसला. पाय पसरले. सुख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाबा चौथऱ्यावरून उतरून जवळ आले.

"मासो खय ठेवतलंस?"

विघ्नेशने पुढे बघितलं. मागे बघितलं...

टोपली ठेवायला जागाच नव्हती.

त्याला हसू आलं. बाबाही हसले.

"खय जातलंस गरवूक?"

"हीच खाडी. त्या कांदळाच्या कडेन."

"थय लाटो आसत?"

"नाय. थय कसल्यो लाटो..."

"तांबोशी खय बसता, तुका म्हायत नाय?"

"म्हायत आसा तर. बापाशीन दाखवल्यान. भरतीच्या पयल्या पाण्यात, मोडलेल्या झाडाच्या मुळात."

बाबांनी नुसतं यंत्राकडे बघितलं.

विघ्नेशने हात लांब करून यंत्र पुसलं. मग बॅटरीही पुसली, कारण यंत्रच नाही तर तिचं काय काम. मोबाईलची जागा गेली. पेडलवर हात थबकला, पण खाडी ती केवढी, वल्ह्याने दोन घटकांत पार होईल, असं तोच पुटपुटला आणि पेडलही गेलं. पाय दुमडल्यावर टोकाची लांबी उगाचच उरली, तीही त्याने टाचेने आत घेतली.

खुर्ची सगळ्यात शेवटी पुसली. जरा वाईट वाटलं. पाठ सरळ ठेवून बघितली, तर बसता येत होतं.

उरला एक माणूस, एक वल्हं, गरी, आणि टोपलीपुरती जागा.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. आखूड, रुंद, साधी. पलीकडच्या किनाऱ्यावर रंग उडून पडलेली ती जुनी कयाक नेमकी एवढीच होती.

"बाबानू... ही तर तीच."

बाबा चौथऱ्याकडे परत निघाले होते.

विघ्नेशला मोकळं मोकळं वाटत होतं. इतक्या दिवसांचं ओझं पाठीवरून कुणीतरी अलगद उतरवून घ्यावं तसं. खिशातून मोबाईल काढून त्याने त्या माणसाचा नंबरही काढला. पण सवय जात नाही. बोट लावता लावता तो थांबला.

"एक रवला, बाबानू. तिका खालसून ठिगळ मारलेला आसा. पुढच्या वर्साची नवी कशी, कोरी गावतली. ही मधीच गळूक लागली तर?"

"गळली तर तू भिजतलंस."

"ताच म्हणतंय मी..."

बाबांनी कफनी झटकली, अंगात चढवली आणि खडकांकडे, हिरव्या लुगड्याकडे बघितलं.

"आज कोण भिजता?"