टिकलीचे बुडबुडे

एका घरात होती काचेची पेटी. पेटीत होतं पाणी. पाण्यात होती टिकली.

टिकली म्हणजे इवलीशी मासोळी. शेपटीवर गोल ठिपका, म्हणून टिकली.

टिकलीला नळीतून येणारे बुडबुडे फार आवडायचे. खाऊसुद्धा फार आवडायचा! मागण्यात तिचा हात कोणी धरला नसता. माशाला हात नसतात, ती गोष्ट वेगळी. कोणी दिसलं की ती काचेशी यायची आणि नाचायची. थुई थुई!

घरातली आई म्हणायची, "दारी आलेल्याला उपाशी पाठवू नये." की पडले दाणे. टुप टुप!

एके सकाळी बुडबुडे थांबले. एकही येईना! टिकलीला दम लागला. बिचारी घाबरली.

टिकली निघाली. सुळुक सुळुक. नळीकडे गेली.

"नळीताई, नळीताई, बुडबुडे दे ना!
मला दम पुरेना!"

नळी म्हणाली, "पंप पाणी ढकलेना, मी बुडबुडे देईना."

टिकली निघाली. सुळुक सुळुक. पंपाकडे गेली.

"पंपदादा, पंपदादा, पाणी ढकल ना!
नळी बुडबुडे देईना,
मला दम पुरेना!"

पंप कण्हला, "घूंऽऽ! स्पंज पाणी सोडेना, मी पाणी ढकलेना."

टिकली निघाली. सुळुक सुळुक. पाणी गाळणाऱ्या स्पंजाकडे गेली. स्पंज काळाकुट्ट! गच्च तुंबलेला!

"स्पंजकाका, स्पंजकाका, पाणी सोड ना!
पंप पाणी ढकलेना,
नळी बुडबुडे देईना,
मला दम पुरेना!"

स्पंज म्हणाला, "नाना मला धुईनात, मी पाणी सोडेना."

टिकली निघाली. सुळुक सुळुक. काचेशी गेली. बाहेर नाना बसले होते.

"नाना, नाना, स्पंज धुवा ना!
स्पंज पाणी सोडेना,
पंप पाणी ढकलेना,
नळी बुडबुडे देईना,
मला दम पुरेना!"

नाना म्हणाले, "दाणे पडायचे थांबेनात, मी स्पंज धुईना. आज धुवावा, उद्या तुंबावा! मी तर एकदाच घालतो. एवढे येतात कुठून?"

टिकली निघाली. सुळुक सुळुक. तळाशी गेली. तिथे दाणेच दाणे! फुगलेले, कुजलेले.

"दाण्यांनो, दाण्यांनो, पडायचे थांबा ना!
नाना स्पंज धुईनात,
स्पंज पाणी सोडेना,
पंप पाणी ढकलेना,
नळी बुडबुडे देईना,
मला दम पुरेना!"

दाणे म्हणाले, "टिकली मागायची थांबेना, आम्ही पडायचे थांबेना."

"टिकली? म्हणजे मी?"

टिकली काचेशी गेली. हळूहळू. काचेत दिसली एक मासोळी. शेपटीवर गोल ठिपका.

"टिकली, टिकली, मागायची थांब ना!
दाणे पडायचे थांबेनात,
नाना स्पंज धुईनात,
स्पंज पाणी सोडेना,
पंप पाणी ढकलेना,
नळी बुडबुडे देईना,
मला दम पुरेना!"

काचेतली मासोळी काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. टिकलीला वाईट वाटलं. ती पानाआड जाऊन बसली.

तेवढ्यात आई आली. खाऊचा डबा वाजला. खुळखुळ! टिकलीची शेपटी हलली. पण टिकली नाही हलली.

"अगंबाई! हिचं पोट भरलेलं दिसतंय," आई म्हणाली.

"भरेल नाहीतर काय? मी घातलंय सकाळीच," नाना म्हणाले.

"मीपण घातलं!" छोटी शाल्मली म्हणाली.

"आणि मीही!" आई म्हणाली.

तिघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग डब्याचं झाकण लागलं. टप्प!

टिकली मागायची थांबली.
दाणे पडायचे थांबले.

नानांनी बटण बंद केलं. टक्! बटण बंद केल्यावरच पाण्यात हात घालायचा. तळचे दाणे त्यांनी गाळणीने उचलले. पेटीतलंच पाणी बादलीत घेतलं. त्यात स्पंज धुतला. पचक पचक! मग बटण लावलं. टक्!

स्पंजाने पाणी सोडलं.
पंपाने पाणी ढकललं. घुर्रर्र!
नळीने बुडबुडे दिले. बुडबुड बुडबुड!
टिकलीला दम पुरला.

दुसऱ्या दिवशी शाल्मली आली. तिने काचेला नाक लावलं. डबा नाही, दाणा नाही. तरी टिकली आली. थुई थुई नाचली.

खाऊ मागायला नाही. नुसती भेटायला.

बुडबुडे गेले वर,
गोष्ट आली घरी,
आता मिटा डोळे, झोप आली खरी!