सलगमाचा वाफा आणि दगडाचा राजा

एका राज्यात भोगदत्त नावाचा राजा होता, मृगावती त्याची राणी. मुदपाकखान्यामागे त्यांची परसबाग. त्या बागेत, सात हात खोल, एका मांत्रिकाने शाप घालून सोन्याचा हंडा पुरला होता. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिथे कुणी कुदळ मारत नसे. सोन्याच्या लोभाने राजाने मारली. तत्क्षणी त्याचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले.

राणी धावत आली, रडू लागली. शेवग्यावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, रडून दगड भिजतो, विरघळत नाही."

"मग उपाय सांग, पाखरा."

"ओरबाडलं म्हणून मातीने धरलं. तिने आपण होऊन दिलं, तरच सोडील. इथे स्वतःच्या हाताने सलगम लावा. मुळ्याचा गोलमटोल भाऊ तो. कामं तीन. बी पेरा. रोपं विरळ करा, वितीला एकच ठेवा. आणि सलगम मातीबाहेर खांदा काढीपर्यंत उकरून पाहू नका. तोवर दगड रोज बोटभर चढेल. डोक्यावरून गेला, की संपलं."

राणीने ढेकळं फोडली, शेणखत घातलं. मोहरीएवढं बी राखेत मिसळून पेरलं. चौथ्या दिवशी वाफा हिरवा झाला.

मग ती विरळणीला बसली. एक रोप चिमटीत धरलं, तर ते राजाच्या आवाजात बोललं, "मृगे, मला नको गं उपटू." दुसरं धरलं, तेही तेच बोललं. वाफाभर राजाच बोलू लागला. राणीचा हात काही पुढे होईना. एकही रोप तिने उपटलं नाही.

महिना झाला. पाला माजला गुडघाभर, खाली मुळं उंदराच्या शेपटीएवढी. दगड राजाच्या कमरेला आला.

"राणी, शेती करताय की जंगल?" राजा ओरडला.

साळुंकी हळूच म्हणाली, "माया केलीत, राणीसाहेब. पण दाटीत कुणाचंच पोट भरत नाही. मूठभर बी उरलंय. पुन्हा पेरा."

राणीने शेजारी नवा वाफा केला, पुन्हा पेरलं. रोपं पुन्हा विनवू लागली. तेव्हा तिला माहेरची रीत आठवली. तिथे विरळणीचं रोप फेकत नसत, शिजवून शेजारी देत. ती वाकून रोपाला म्हणाली, "तुला टाकणार नाही रे. लोकांच्या पानात वाढीन." रोप गप्प झालं, आणि लोण्यातून केस निघावा तसं निघालं. मग दुसरं, मग तिसरं. राणीने लसणाची फोडणी देऊन भाजी केली, आणि राजवाड्यातला घास ज्यांनी कधी चाखला नव्हता अशा सात घरी वाडगे पोचवले.

आता उरलं वाट पाहणं. दगड छातीला आला, गळ्याला आला. राजाचे ओठ मिटले, नुसते डोळे बोलू लागले. राणीची बोटं मातीकडे जात. ती आपलेच हात मांडीखाली दाबून बसे.

दुसऱ्या पेरणीपासून पंचेचाळिसाव्या दिवशी, उन्हं वर येताना, वाफ्याला तडा गेला. त्यातून जांभळा-पांढरा खांदा वर आला. राणीने पाला दोन्ही हातांनी धरून ओढला. सलगम निघाला घागरीएवढा. त्याचं मूळ संपेचना. सात हात मूळ वर आलं, आणि त्याच्या टोकाला वेटोळ्यात धरलेला हंडा. साळुंकीसुद्धा चोच उघडी ठेवून बघत राहिली.

राणीने हंड्याकडे पाहिलं नाही, राजाकडे पाहिलं. शाप फिटला, वाळला चिखल गळावा तसा दगड गळून पडला. राजाने मोठा श्वास घेतला.

"राणी, त्या भाजीचा वास इथवर आला होता. माझ्या वाट्याची ठेवलीत का?"

"नाही. सात घरी वाटून संपली."

राजाने हंड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग हे सोनंही त्याच सात घरी जाऊ दे." आणि धोतर खोचून तो वाफ्यात बसला. "बी आणा. या खेपेला विरळणी मी करीन."

त्यांच्या वाफ्याला माती पावली, तुमच्या परसालाही पावो.