साकवाची तिसरी फळी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. तेव्हा गाढवं बोलत असत आणि माणसं ऐकत नसत. पुढे गाढवांनी बोलण्याचा नाद सोडला. माणसांचं मात्र जसंच्या तसं राहिलं आहे.

एका ओढ्याकाठी एक गाव होतं. अलीकडे घरं, पलीकडे चिकणमातीची खाण आणि जत्रेला जाणारी वाट. मधल्या ओढ्यावर साकव होता. साकव म्हणजे काय, तर दोन जाडजूड ओंडके आणि त्यांवर आडव्या ठोकलेल्या वीसेक फळ्या. गावाकडून मोजलं तर तिसरी फळी कुजलेली होती. माणसं ती ओलांडून जात आणि कुरकुर करत.

गावात एक कुंभारीण राहायची. नवरा वारल्यापासून चाक तीच फिरवायची. तिचं एक गाढव होतं. ते पलीकडची माती अलीकडे आणायचं आणि भाजलेली मडकी जत्रेला न्यायचं. साकवावर आलं की गाढव मनातल्या मनात एक, दोन म्हणायचं आणि तिसरी सोडून चौथीवर पाय टाकायचं. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही.

पण फळी दिवसेंदिवस खचत चालली, तेव्हा कुंभारीण गावच्या सुताराकडे गेली. म्हणाली, "मेस्त्री, जत्रा पंधरा दिवसांवर आली. तेवढी तिसरी फळी बदला. त्याबद्दल नवा रांजण देते, छातीएवढा."

सुतार रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "बघतो."

आता हा शब्द मोठा लबाड. त्याला पुढून दार असतं, तसं मागूनही असतं. सुताराच्या तोंडी तो दिवसातून चाळीस वेळा यायचा. एका घरच्या पाळण्याचं काम तर त्याने इतकं बघितलं, की पाळणा तयार झाला तेव्हा ते बाळ दाढी करून आलं आणि स्वतःच खांद्यावर टाकून घेऊन गेलं. खोटं वाटत असेल तर त्या पाळण्याला विचारा.

दोन दिवसांनी सुतार बैलगाडी घेऊन कुंभारणीच्या दारी आला. रांजण बोटाने टणटण वाजवून पाहिला, गाडीत घातला, घरी नेला आणि अंगणात गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरलं. कुंभारीण निश्चिंत झाली. शेजारच्या गावच्या सुतारालाही तिने बोलावणं धाडलं होतं, ते तिने परत घेतलं.

मग दिवस जाऊ लागले. ती रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, "बघतो म्हटलं ना, बाई."

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी सुतार एकदाचा साकवावर गेला. कुजक्या फळीवर त्याने बांबूच्या चार कांबट्या आडव्या टाकल्या आणि वरून शेणमातीने छान लिंपून घेतलं. लांबून पाहिलं तर काम झालेलं दिसावं आणि बाईचं तोंड बंद व्हावं, एवढाच हेतू. रंध्याला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाढव मडक्यांनी लादून निघालं. एक, दोन, आणि तिसरी फळी लिंपलेली दिसली. गाढवाला बरं वाटलं. त्याने पाय टाकला.

कांबट्यांसकट फळी काडकन मोडली. मडकी ओढ्यात गेली आणि गाढवाचा पुढचा पाय दोन फळ्यांमध्ये अडकून मोडला.

गाढवाला घरी आणून कुंभारीण तडक सुताराच्या अंगणात गेली. ती रडत नव्हती. तिच्या हातांना अजून शेणमाती लागलेली होती.

"माझ्या गाढवाचा पाय मोडला," ती म्हणाली.

"वाईट झालं," सुतार म्हणाला. "पण माझा काय संबंध?"

"तू फळी बदलणार होतास." 'तुम्ही' तिने वाटेतच टाकून दिलं होतं.

"मी 'बघतो' म्हणालो होतो. 'करतो' म्हणालो नव्हतो. नीट आठवा."

तिने आठवून पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं. त्यामुळे ती जास्तच पेटली, कारण उघड खोटं बोलणारा निदान एक माणूस असतो. शब्दाच्या आड बसून खरं बोलणारा सापडतच नाही.

वैद्याने गाढवाचा पाय बांधला आणि चार महिने सांगितले. माती येईना. चाक थांबलं. एक शेजारी कळवळून म्हणाला, "वहिनी, लंगड्या जनावराला कशाला पोसता? रानात सोडून द्या, वाघाचंही पोट भरेल." गाढवाने ते ऐकलं आणि त्या दिवशी कडब्याला तोंड लावलं नाही.

त्या राज्याचा न्यायाधीश वर्षातून एकदा, भात कापून झालं की, गावोगाव फिरायचा. तो रेड्यावर बसून यायचा. त्यामुळे तो लांबून दिसला की आजारी माणसं अंथरुणातून उठून कामाला लागत. जत्रेनंतर चारच दिवसांनी तो आला आणि आल्या आल्या चिंचेखाली बसला. कुंभारणीने आपलं गाऱ्हाणं एका दमात मांडलं.

सुतार हात जोडून म्हणाला, "सरकार, आपल्या गावात 'बघतो' म्हणजे 'नाही'च असतं. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून बघतो म्हणायचं. कुणालाही विचारा."

न्यायाधीशाने गावाला विचारलं. अर्धा गाव म्हणाला, बघतो म्हणजे होय. अर्धा म्हणाला, बघतो म्हणजे नाही. मग ते एकमेकांकडे वळले. "म्हणजे गेल्या वर्षी माझ्या मुलीसाठी बघतो म्हणालास, ते नाही होतं?" एकाने विचारलं. "म्हणजे तू वर्षभर वाट बघत होतास?" दुसरा म्हणाला. चिंचेखाली अशी जुंपली, की रेडासुद्धा चार पावलं मागे सरला.

"पुरे," न्यायाधीश म्हणाला. "तुमच्या गावाला स्वतःच्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, तर मला काय ठाऊक असणार? मी शब्दाला विचारणार नाही. मी हाताला विचारतो. सुतारा, रांजण कुठे आहे?"

"अंगणात."

"चालत आला?"

"नाही, सरकार. मी आणला."

"बाईंनी तो कशासाठी देऊ केला होता?"

"फळीसाठी," सुतार पुटपुटला.

"फळीसाठी देऊ केला, आणि ते ठाऊक असून तू नेलास. जीभ बघतो म्हणाली असेल, हात होय म्हणाला. आणि तुझ्या हातावर विसंबून बाईंनी दुसऱ्या सुताराला नको म्हणून कळवलं. इथे करार झाला."

सुताराने बाजू बदलली. "बरं, झाला. मग रांजण खणून परत देतो, विषय मिटला. पण पाय मोडला तो गाढवाच्या दोषाने. चार वर्षं ओलांडत होतं ना? त्याच दिवशी पाय टाकायला कुणी सांगितलं?"

तेव्हा चिंचेलगतच्या कुंभारणीच्या छपराखाली बसलेलं गाढव बोललं. "तू सांगितलंस. फळी लिंपून सांगितलंस. कुजकी उघडी राहिली असती तर मी तिला ओळखत होतो. तू तिला चांगले कपडे घालून माझ्यासमोर उभी केलीस."

न्यायाधीशाचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. "काम न करणं हा एक अपराध. केल्यासारखं दाखवणं हा दुसरा. पहिल्याने बाईंचं काम अडलं असतं, दुसऱ्याने पाय मोडला."

"मग याचाही पाय मोडा," कुंभारीण म्हणाली. "माझ्यासमोर मोडा."

"मग माती कोण आणणार?" न्यायाधीशाने विचारलं. "बाई, तुमचा राग खरा आहे. पण मी मोडलेलं भरून द्यायला बसलोय, आणखी मोडायला नाही. गाढव बरं होईपर्यंत गाढवाचं काम सुतार करील. रोज खाणीवरून माती आणील. फुटलेल्या मडक्यांच्या जागी नवी भाजायला भट्टीचं जळण, तेही त्याच्याकडून. आणि फळी आठ दिवसांत बदलायची. रांजण त्याचाच राहील, कारण तो फळीचा मोबदला आहे. पायाची भरपाई वेगळी."

गाढव पुन्हा बोललं. "सरकार, एक राहिलं. मी एरवी आठ घागरी वाहतो. त्या दिवशी माझ्यावर बारा होत्या. आठ असत्या तर कदाचित पाय ओढून घेता आला असता."

कुंभारीण गर्रकन वळली. "तुला रानात सोडा म्हणत होते, मी सोडलं नाही. आणि तू माझ्याविरुद्ध साक्ष देतोस?"

"तू सोडलं नाहीस हे खरं," गाढव म्हणालं. "बारा होत्या हेही खरं. माझी पाठ माझीच आहे, बाई."

न्यायाधीशाने मान डोलावली. "तर मग चार दिवसांतले तीन दिवस माती सुताराने आणायची, चौथ्या दिवशी बाईंनी." आणि तो रेड्यावर बसून निघून गेला. गावात कुणीच खूश नव्हतं. न्याय नीट झाला की पुष्कळदा असंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार पलीकडे गेला. जाताना हात रिकामे होते, फळीच्या जागची फट त्याने उडी मारून ओलांडली. येताना पाठीवर ओल्या मातीचं पोतं होतं. फटीपाशी येऊन तो थांबला. पोत्याच्या ओझ्याने मान वर होईना, खाली पाणी दिसत होतं, आणि पाय पुढे पडेना. त्याने फळ्यांनाही शिव्या दिल्या, न्यायाधीशालाही दिल्या, आणि मग शिव्या द्यायला एकटा तोच उरला.

त्याने पोतं तिथेच टेकलं, उडी मारून घर गाठलं आणि स्वतःच्या दारासाठी जपून ठेवलेली फणसाची फळी घेऊन आला. दुपारपर्यंत ती घट्ट बसली होती. शेजारची आणखी एक मऊ लागली, तीही कुणी न सांगता बदलली. मग पोतं उचललं आणि नव्या फळीवरून चालत अलीकडे आला.

चार महिने त्याने माती वाहिली, रोज चिडत. दर चौथ्या दिवशी कुंभारणीने वाहिली, तीही चिडत. गाढव बरं झालं, थोडं लंगडत कामाला लागलं. चाक पुन्हा फिरू लागलं. कुंभारणीचा राग मात्र बसल्या जागेवरून हलला नव्हता.

पावसाळ्यापूर्वी, चाक ज्यावर फिरतं तो खुंट झिजला, म्हणून तिला नाइलाजाने सुताराकडे जावं लागलं. "आठ दिवसांत खुंट करून देशील?" तिने दारातूनच विचारलं.

सुताराने रंधा बाजूला ठेवला. तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "हातात दोन नांगर आहेत. आठ दिवसांत माझ्याने होणार नाही."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. "बरं," ती म्हणाली, आणि शेजारच्या गावच्या सुताराकडे निघाली. संध्याकाळच्या आत तिचं काम ठरलंही होतं.

बोध एवढाच: काम करायचं नसेल तर तोंडाने स्वच्छ नाही म्हणावं, कारण मोबदला उचलणारा हात होय म्हणून गेलेला असतो, आणि मग नुसतं घेतलेलं परत देऊन सुटका होत नाही, मोडलेलंही भरून द्यावं लागतं.