तुरीच्या ओळीशी अडलेली अळी

हिवरकुंड हे माळावरचे कोरडवाहू गाव. त्या वर्षी श्रीभानुगीर महाराज तिथल्या महादेवाच्या ओवरीत उतरले होते. ठकूबाई त्यांना नेमाने भाकरी आणून देई. पतीच्या मागे तिला एकच शेत उरले होते, आणि शेजारच्या रानाचा मालक, तिचा थोरला दीर खंडेराव, त्यावर डोळा ठेवून होता.

पेरणीआधी महाराज म्हणाले, "बाई, नुसती ज्वारी पेरू नकोस. मधूनमधून तूर नि चवळी घे, बांधाकडेने अंबाडी लाव. रानालाही सोबत लागते."

तिने तसेच पेरले. खंडेराव चारचौघांत हसला. "ही शेती का खिचडी? गोसाव्यानं कधी तिफण धरलीय? पीक बुडालं तर रान माझं, अन् तू माहेरी. कबूल?"

"कबूल, भाऊजी," पदर सावरत ती म्हणाली.

ज्वारी पोटरीत आली, कणसे बाहेर पडायच्या बेतात होती, आणि अळी उतरली. खंडेरावाच्या रानात ज्वारीखेरीज काही नव्हतेच. पाहता पाहता नुसते खराटे उरले. मग माती सरकावी तशी ती अळी ठकूबाईच्या बांधाकडे निघाली.

खंडेराव औत जुंपून धावत आला. "तुझ्या चवळीनंच ही कीड बोलावली! मोडून टाकतो सारं, न्हाई तर गाव उपाशी मरंल!"

ठकूबाई बैलांपुढे आडवी झाली. "आधी माझ्यावरनं औत न्या, भाऊजी!"

पाठीमागे पाने कुरतडणाऱ्या अळीची कुरकुर ऐकू येत होती. बांधालगतची ज्वारी गेली. 'महाराज, तुमचा शब्द खोटा का पडतोय?' तिने डोळे गच्च मिटले.

"खंडेराव, बैल थांबव." महाराज बांधावर उभे होते. त्यांनी तुरीच्या शेंड्यांवरून हात फिरवला आणि आभाळाकडे पाहून हाक दिली, "या गं बायांनो, पंगत वाढलीय!"

काय सांगावे! मोकळ्या आभाळातून साळुंक्यांचे थवेच्या थवे उतरले. इकडे अळी तुरीच्या दाट ओळीत शिरून घुटमळली. तो पाला तिच्या तोंडचा नव्हता, नि पुढची ज्वारी तिला गवसेना. तिथेच पाखरांनी तिला टिपले. ऊन कलेपर्यंत कुरकुर थांबली. आतली ज्वारी जशीच्या तशी उभी होती!

खंडेरावाच्या हातून कासरा गळाला. "महाराज, माझंच रान का गेलं?"

"तू अळीला सारं रान एकाच ताटात वाढलंस, बाबा. हिनं अळीच्या वाटेत तिला नावडतं पेरलं, अन् पाखरांना बसायला जागा ठेवली."

खंडेरावाने पागोटे उतरवून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याला उठवले आणि ठकूबाईकडे बोट दाखवले. धाकट्या भावजयीसमोर तो क्षणभर अडखळला. मग बांधाच्या मातीला कपाळ टेकून म्हणाला, "रान तुझंच हाय, ठकू. पुढल्या पेरणीला तुरीचं बी तेवढं दे."