दौलूच्या वहाणा आणि मऊ जोडे

माणसाचं पायताण माणसाशी बोलत असे, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरपायथ्याला राहणाऱ्या दौलू शिकाऱ्याकडे खिळे मारलेल्या जाड वहाणा होत्या आणि हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे होते. गावच्या शेळ्यांवर एक बिबट्या टपला होता आणि त्याला मारायचं काम दौलूवर आलं होतं.

पहिल्या दिवशी दौलूने वहाणा घातल्या. त्यांना मोठा अभिमान वाटला. पण सागाच्या वाळलेल्या पानांत त्या करकर वाजल्या आणि बिबट्या निसटला. घरी आल्यावर दौलूने त्या कोपऱ्यात भिरकावल्या.

दुसऱ्या दिवशी तो मऊ जोडे घालून निघाला. वाटेत सर आली, जोडे ओल्या कातळावरून घसरले आणि दौलू गुडघा फोडून लंगडत परतला. जोडेही कोपऱ्यात पडले. वहाणांना आधी बरं वाटलं. मग शेजारी भिजून पडलेले जोडे पाहून त्यांना आपलीच गत आठवली.

गुडघा बरा झाल्यावर दौलू दोन्ही जोड पुढ्यात घेऊन बसला. "यातलं चांगलं कोणतं, तेच कळेना," तो म्हणाला.

वहाणा म्हणाल्या, "ते मागाहून ठरवा, मालक. आज वाट कुठली आहे?"

दौलूने दारात जाऊन पाहिलं. ओढ्यापर्यंत कोरडं रान होतं, पुढे पाझरता कातळ. त्याने मऊ जोडे पायांत घातले. वहाणा खट्टू झाल्या, तोच त्याने त्या दोरीने बांधून खांद्यावर टाकल्या.

त्या संध्याकाळी गावाने शेळ्या निर्धास्तपणे बांधल्या.