यल्लव्वाची वाळू

आत्मगिरी महाराज पळसबांध गावी तळ्याखालच्या मठात राहत असत, तेव्हाची ही हकिगत. गावात नळ यायला अजून कितीतरी वर्षे होती. तळ्याचे गढूळ पाणी गाळूनच प्यावे लागे. मठात ही सेवा यल्लव्वा वडारणीकडे होती. बुडाला भोके पाडलेल्या रांजणात तळाशी गोटे, त्यावर खडी, सर्वांत वर बारीक वाळू. दर सोमवारी ती वाळू धुवायची आणि जुनी झाली की मठामागे टाकायची. तो लहानसा ढीग पाहून रंगराव पाटील हसत.

"काय गं यल्लव्वा, इस्टेट वाढली का? नाम घ्यायचं सोडून वाळू धुतेस, आणि म्हणे भक्ती!"

ती मान खाली घाली. महाराज मात्र म्हणत, "धू बाई. तुझं नाम तेच."

एका वर्षी हस्ताचा पाऊस तीन दिवस धरून होता. तळे काठोकाठ भरले आणि सकाळी बांधाच्या पायथ्याशी पाणी उकळ्या मारत वर येऊ लागले. बांध पाझरणे नवे नव्हते. पण एरवी ते पाणी नितळ असे. आज ते तांबडे होते. बांधाच्या पोटातली माती धुऊन निघाली होती! खाली ओढ्यापलीकडे वडारवस्ती, आणि तिथल्या खोपटात यल्लव्वाची लेक आठ दिवसांची बाळंतीण. ओढ्याला पूर, तिला हलवायला वाटच नव्हती.

"बुजवा! चिखल घाला आणि चोपा!" पाटील ओरडले. माणसांनी चिखल चोपला. क्षणभर पाणी थांबले आणि दोन हातांवर फुटून निघाले, आणखी लाल!

यल्लव्वा धावत मठात आली. "बाबा, माझी पोर वाहून जाईल हो!"

महाराज शांतपणे म्हणाले, "रांजणात गढूळ पाणी आलं की काय करतेस? भोकं बुजवतेस?"

"नाही बाबा. पाणी जाऊ देते... माती तेवढी धरून ठेवते."

"मग जा. बांधालाही तेवढंच हवंय."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रांजणात पाण्याला आधी वाळू भेटते. इथे पाणी खालून येतेय. म्हणजे वाळू खाली, मग खडी, गोटे वर. "रांजण उलटा मांडायचा!" ती ओरडतच परतली.

"अगं, वाट मोकळी ठेवून बांध राहतो होय?" पाटील म्हणाले. पण दुसरा उपाय कुणाला होता? लोकांनी चिखल उपसला. मठामागचा वाळूचा ढीग जेमतेम वीस पाट्यांचा. महाराज त्यावर हात धरून उभे राहिले. साठ पाट्या वाळू गेली, तरी ढीग गुडघाभर होताच! वर खडी पडली, गोटे पडले; मठातला रांजणही त्यात रिता झाला.

पाणी येतच राहिले. पण आता गोट्यांमधून आले ते नितळ, आरशासारखे! महाराजांनी हात काढला आणि मठामागे पाहावे तर वाळूचा कणही उरला नव्हता. पाऊस ओसरला, आणि ओढ्यापलीकडून तान्ह्याचे रडणे ऐकू आले. यल्लव्वा तिथेच चिखलात बसली आणि पोटभर हसली.

पाटलांनी ते पाणी ओंजळीत घेतले, बराच वेळ पाहिले. मग फेटा काढून महाराजांच्या पायांवर ठेवला.

"फेटा नको, पाटील," महाराज म्हणाले. "रांजण रिकामा आहे. सोमवारी एक पाटी वाळू धुऊन आणा."

पाटील वळले आणि यल्लव्वापुढे वाकले.

"बाई, वाळू धुवायची कशी, तेवढं दाखव."