दाढी धुणारी साळूमाय

फार वर्षांपूर्वी चुनेवाडीत माणसं सावळी जन्मायची आणि पांढरी होऊन मरायची, असं म्हणतात. म्हातारपणाने नव्हे, चुन्याने.

वर डोंगरात चुनखडी होती, खाली ओढा होता आणि मधल्या माळावर लोणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या. बाप्ये दगड फोडायचे, लाकडांच्या थरात रचून भाजायचे आणि भट्टी निवली की आत उतरून कळीचा चुना उपसायचे. कळीचा चुना म्हणजे भाजलेला, पण पाणी न लागलेला. कोरडा असेल तोवर दगडासारखा गप्प. पाणी पडलं की उसळतो, फुसफुसतो, आणि समोर कातडी असली तर कातडी खातो.

त्या गावचे सगळे बाप्ये दाढी राखायचे. हौस म्हणून नाही. चुन्याने गाल फुटलेले असायचे, त्यावर वस्तरा फिरला की जखम चिघळायची. म्हणून दाढ्या वाढायच्या आणि दाढीत चुना बसायचा. दिवस कलला की माणूस ओढ्यावर जाऊन तोंडावर पाणी मारायचा, आणि मग तो चुना केसांच्या मुळाशी जागा व्हायचा. दिवेलागणीला घरोघरी बाप्ये भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. ओठ हलवला की आग व्हायची, म्हणून कुणी बोलायचं नाही. चुनेवाडीतल्या लेकरांना बापाचा आवाज फक्त सकाळी ऐकायला मिळायचा, असं म्हणतात.

त्या गावात बहिरू नावाचा लोणारी होता आणि साळू ही त्याची बायको. बहिरूची दाढी साऱ्या वाडीत देखणी. काळीभोर, छातीपर्यंत आलेली. साळूला त्या दाढीचा फार अभिमान. तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं, पाव्हणे यायचे होते, आणि बहिरूची दाढी चुन्याने राखेसारखी झाली होती. साळूच्या मनाला ते लागलं. ती परटाच्या घरी गेली आणि कपड्यांचा मळ काढायचा खार मागून आणला.

बहिरू म्हणाला, "साळू, खार कपड्याला ठीक गं. तोंडाला कशाला?"

साळू म्हणाली, "बहिणीच्या लग्नात काय भुतासारखे उभे राहणार? बसा गुमान. डोळे मिटा."

तो हसला, पाटावर बसला आणि त्याने डोळे मिटले. साळूने पाण्यात खार कालवला आणि दोन्ही हातांनी दाढीत चोळला. चुना, खार आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. फेस चढला आणि बहिरू ओरडला. ओरडताना त्याचे डोळे उघडले आणि फेस डोळ्यांत गेला.

त्यानंतर बहिरूला कधी दिसलं नाही.

लग्न झालं. बहिरू मांडवाच्या खांबाला धरून बसला होता आणि नवरी त्याच्या पाया पडली ती त्याला पैंजणांच्या आवाजावरून कळली. साळूला तो एक शब्द लागट बोलला नाही. पण तिने एकदा ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसायला हात पुढे केला, तेव्हा तो भिंतीपर्यंत मागे सरकला.

"राग नाही गं तुझ्यावर," तो म्हणाला. "पण तोंडाला हात लावू नकोस. तुझा हात जवळ आला की मला आग दिसते. दुसरं काही दिसत नाही आता. तेवढंच दिसतं."

साळूने हात मागे घेतला. त्यानंतर तिने त्याला भाकरी वाढली, काठी आणून दिली, अंथरूण घातलं. पण त्याच्या तोंडाला हात लावला नाही.

आणि तिथून ती बदलली, असं म्हणतात. तिने आपला अंबाडा सोडला आणि एक बट चुन्यात बुडवली. मग ती बट राखेने धुतली. केस तुटून हातात आले. दुसरी बट मातीने धुतली, तिसरी बेसनाने, चौथी शिकेकाईने. जे जे कुणी केसांना लावतं ते ते तिने लावून पाहिलं. कशाने केस जळाले, कशाने टाळू सोलली. बायका कुजबुजायच्या की नवरा जिवंत असून ही बोडकी व्हायला निघाली. साळू ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढ्यावर जायची.

एकदा तिच्या मनगटावर चुना सांडला आणि घामाने तो पेटला. जवळ पाणी नव्हतं. शेजारीण चंद्रा ताक घुसळत होती. साळूने हात थेट तिच्या डेऱ्यात घातला.

चंद्रा किंचाळली, "अगं, नासवलंस ना सगळं ताक!"

साळू आपल्या हाताकडे बघत राहिली. आग विझत होती. आंबट ताकापुढे चुन्याचा जोर चालत नव्हता. चंद्रा सांगायची, साळू त्या दिवशी डेऱ्याशी बसून इतकी रडली की ताक खारट झालं. "हे आधी का नाही कळलं गं," एवढंच म्हणत होती.

मग तिची रीत ठरली. आधी कोरड्या फडक्याने दाढी झाडायची. मग केसांच्या मुळांना तेल. मग ताक, भरपूर ताक, हातांनी जिरवत. पाणी सगळ्यांत शेवटी. आणि पाण्याबरोबर काय लावायचं, ते ज्याच्या त्याच्या दाढीवर. राठ आणि दाट दाढीला रिठ्याचा फेस. मऊ, विरळ दाढीला शिकेकाईचं कोमट पाणी. ज्याचे गाल फुटलेत त्याला फेसाचा थेंब नाही, नुसतं ताक आणि पुन्हा तेल. ती दोन बोटं दाढीत घालायची आणि सांगायची. "ज्याची दाढी त्याचं धुणं," ती म्हणायची. "एकाचं औषध दुसऱ्याचं विष असतंय. मी बघितलंय."

परक्या बाईने दाढीला हात लावायचा, म्हणून बाप्ये आधी येईनात. पहिला आला तो म्हातारा तात्याबा. त्याचं आता काय जायचं होतं? तो ओढ्याकाठच्या खडकावर बसला आणि साळूने त्याची दाढी धुतली. त्या संध्याकाळी तात्याबाच्या घरातून बोलण्याचा आवाज आला. तो नातीला काहीतरी सांगत होता. सारी वाडी दाराबाहेर येऊन ऐकत उभी राहिली, असं म्हणतात.

मग एकेक करून सगळे आले. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी बाप्यांची रांग लागायची. बायका ताक राखून ठेवू लागल्या. लोक साळूला साळूमाय म्हणू लागले. तिच्यापेक्षा वयाने थोर बाप्येसुद्धा. आणि दिवेलागणीला वाडीत बोलणं, हसणं, खोकणं, भांडणं, सगळं ऐकू येऊ लागलं.

फक्त साळूच्या घरात नाही. बहिरू उंबऱ्याशी बसून लोकांचे आवाज ऐकायचा. आपली दाढी तो आपणच चाचपून कोरड्या फडक्याने पुसायचा. साळू आत चुलीपाशी बसून ते बघायची.

पुढे दूर कुठे मोठा किल्ला बांधायला निघाला आणि चुन्याची मागणी वाढली. भट्ट्यांवर कोंडाजी नावाचा मुकादम आला. चुना विझवायला पाणी हाताशी हवं म्हणून त्याने भट्ट्यांच्या वरच्या अंगाला ओढा अडवला. मातीचा बांध घातला आणि बांधाच्या खालीच कळीच्या चुन्याचं कोठार उभारलं. तात्याबा म्हणाला, "मुकादम, चुन्याच्या डोक्यावर पाणी बसवू नका." कोंडाजी म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही दाढी धुवा."

एका दुपारी बांध फुटला.

पाणी कोठारात शिरलं. आत चुन्याचे ढीग होते आणि माणसं होती. डोंगर श्वास सोडतो तसा आवाज झाला, असं म्हणतात. छप्पर उडालं, वाफेचा आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठला आणि भरदुपारी माळावर काही दिसेनासं झालं. आत माणसं ओरडत होती, भिंतींवर आपटत होती. बाहेरचे आत जाऊ बघत होते, पण दोन पावलांवर त्यांचे डोळे मिटत होते. कोंडाजी मुकादम आपला घोडा शोधत होता.

तेव्हा बहिरू उंबऱ्यावरून उठला आणि काठी टेकत माळावर आला. काठी टाकून दिली. म्हणाला, "मला कसली धूळ आणि कसला अंधार? मी जातो." त्या माळावर त्याचं सारं आयुष्य गेलं होतं. उपरणं तोंडाला गुंडाळून तो आत शिरला. आवाजाच्या रोखाने गेला, एकाचा हात धरला, बाहेर आणला. पुन्हा गेला. दुसऱ्याला आणला. ज्यांना डोळे होते ते आंधळ्याच्या मागून बाहेर आले.

बाहेर आलेला प्रत्येक माणूस ओढ्याकडे धावत होता. अंग पेटलं की माणूस पाण्याकडेच धावतो. साळूमाय ओढ्याच्या काठावर हात पसरून उभी राहिली.

"पाण्यात जाऊ नका! झाडा आधी! अंग झाडा, ताक आणा रे कुणीतरी!"

घराघरातून डेरे आले, तेल आलं, लुगडी फाडून फडकी आली. बायका झाडत होत्या, साळूमाय धूत होती. वाडीतलं ताक ते किती असणार? पण तिच्या पुढ्यातला चंद्राचा डेरा रिता होईना, असं म्हणतात. ती हात घालत होती आणि ताक येत होतं. एकाची दाढी, दुसऱ्याची, तिसऱ्याची. बाप्ये लेकरांसारखे तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. ज्यांच्यापर्यंत ती पोचली त्यांचे डोळे राहिले.

शेवटी बहिरू एकटाच बाहेर आला. बरोबर कुणी नव्हतं. तो म्हणाला, "आता आत आवाज नाही." आणि खाली बसला. उपरणं केव्हाच जळून गेलं होतं. दाढी पांढरीशुभ्र झाली होती आणि छाती वाजत होती. चुना श्वासातून आत गेला होता.

साळू त्याच्यापुढे आली आणि थांबली. हात पुढे करेना.

तो म्हणाला, "साळू, तूच ना?"

"व्हय. मीच."

"मग थांबलीस का? लाव हात."

तिने डेऱ्यात हात घातला. ताक होतं. तिने आधी त्याची दाढी झाडली, मग तेल लावलं, मग ताक जिरवलं, सावकाश, बोटांनी. बहिरू हलला नाही, मागे सरकला नाही. साऱ्या वाडीच्या देखत तिने त्याची दाढी धुतली, आणि पांढऱ्यातून जुनी काळी दाढी पुन्हा वर आली. "थंड वाटतंय," तो म्हणाला. मग त्याची छाती वाजायची थांबली. साळू बराच वेळ धूत राहिली. चंद्राने तिचे हात धरले तेव्हा ती थांबली. डेरा तेव्हा कोरडा ठणठणीत होता, असं म्हणतात.

जे आत राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. त्यांच्याही दाढ्या साळूमायने धुतल्या. लोक म्हणाले, "माय, आता त्यांना काय त्याचं?" ती म्हणाली, "यांची लेकरं तोंड बघायला येतील. ओळख पटायला नको?"

पुढे ती खूप वर्षं जगली. सुखाने जगली असं कुणी सांगत नाही. दिवसभर ओढ्याकाठी बसायची, येईल त्याची दाढी धुवायची आणि दिवे लागले की दार लावून घ्यायची. चुन्याने तिच्या तळहातावरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. एकदा एक जोशी वाडीत आला. तिचा हात बघून म्हणाला, "माय, इथे काहीच लिहिलेलं नाही." ती म्हणाली, "बरं झालं."

ती गेली कशी, ते कुणी पाहिलं नाही. एका सकाळी खडकावर तिचं फडकं वाळत होतं आणि ती नव्हती. घरात नव्हती, ओढ्यात नव्हती. कुणी म्हणतं, ओढ्याने नेली. कुणी म्हणतं, चालत भट्टीच्या माळाकडे गेली. त्या दिवसापासून ओढ्याचं पाणी त्या खडकापाशी ताकासारखं पांढरं होऊन वाहतं, असं म्हणतात. वर चुनखडी आहे, म्हणून तसं असेल. पण खालच्या वळणावर तेच पाणी नितळ असतं.

आता भट्ट्या नाहीत. माळावर बाभळी वाढल्या आहेत. गडीमाणसं वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी करून बाजाराला जातात. पण चुनेवाडीत कुणी पुरुष गेला तर त्याला आंघोळ घालण्याआधी घरातली बाई पुढे होते. बायको, आई, बहीण, लेक, जी असेल ती. ती त्याच्या गालांना तेल लावते आणि ताकाने त्याचं तोंड धुते. तोवर पाणी घालत नाहीत आणि कुणी रडत नाही. "साळूमायचा हात," एवढंच ती म्हणते.

आणि कधी एखादा वाटसरू, भिक्षेकरी, नाव-गाव नसलेला कुणी वाडीच्या हद्दीत मरून पडला, तर गावातल्या बायका त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि त्यांच्यातली एक खाली बसते. ती कोण बसणार, हे आधी ठरलेलं नसतं. त्याची धुळीने भरलेली दाढी ती मांडीवर घेऊन धुते. ते होईपर्यंत ती त्याची नातलग असते. मग ती उठते, घरी जाते आणि त्या दिवसाचं सुतक पाळते.